दुसऱ्याकडून आणलेला कॅटफिश कोपरा धरून बसतो, खात नाही: औषध ओतण्याआधी काय बघायचं

घर बदलायचंय, टँक मोडायचाय, मासा हाताबाहेर वाढलाय. कारण काहीही असो, नकोसा झालेला कॅटफिश कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात बांधतं, आणि त्यातले बरेच फिरत फिरत माझ्याकडे येतात. पहिले तीन मी घालवले. तिघांनाही औषध दिलं होतं आणि तिघांनाही औषधाची गरज नव्हती. एक उपाशी होता, दोघांना पाणी सोसलं नव्हतं. तेव्हापासून ही तक्रार आली की मी एका ठरलेल्या क्रमानेच बघत जातो, आणि औषधाची बाटली त्या क्रमात जवळजवळ शेवटी येते.

लक्षणं

आणल्यापासून पहिल्या दहा-बारा दिवसांत यातलं काहीतरी दिसतं:

- मासा फिल्टरमागे किंवा कोपऱ्यात पडून असतो आणि रात्रीसुद्धा जागचा हलत नाही
- टाकलेली गोळी सकाळी फुगून तशीच तळाशी
- कल्ले भराभर हलतात, किंवा दर मिनिटा-दोन मिनिटांनी वर येऊन हवा घेतो
- पर अंगाशी मिटलेले, रंग उतरलेला, मिशा झिजून खुंटासारख्या
- पोट आत गेलेलं, डोळे खोल
- मासा ठणठणीत, पण टँकमधले छोटे मासे एकेक करून गायब (ही तक्रार वेगळी वाटते, पण हिचं उत्तरही खाली ओळखीच्या भागातच आहे)

मासा एका कुशीवर पडून धापा टाकत असेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी हवेचा पंप पूर्ण जोरात चालू करा, दिवा बंद करा आणि थेट पाण्याच्या भागाकडे जा.

आधी नुसतं बघा

याला काही लागत नाही, म्हणून हे कुणी करत नाही. टँकचा दिवा घालवून तासभर थांबा, मग टॉर्चवर लाल कागद लावून बघा. बहुतेक कॅटफिश रात्रीचे प्राणी. दिवसा जे दुखणं वाटतं ती अनेकदा झोप असते. रात्री काचेवरून सरकत असेल, वाळूत तोंड खुपसत असेल, तर तुमचा अर्धा घोर तिथेच मिटला.

सकरच्या, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणाऱ्या कॅटफिशच्या, डोळ्यावरून हमखास फसायला होतं. त्याच्या बुबुळात वरून एक छोटी झडप असते. उजेड वाढला की ती पसरते आणि मधला काळा भाग घोड्याच्या नालासारखा बारीक उरतो. अंधारात पुन्हा गोल होतो. भर उजेडात बघून ‘डोळा गेला’ म्हणणारे मला बरेच भेटलेत.

अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणंही आजार नव्हे. सकर ती हवा पोटात घेतो, कोरिडोरास हा तळाशी राहणारा छोटा कॅटफिश आतड्यात, आणि पाण्यातला प्राणवायू कमी पडला की दोघांचं त्यावर भागतं. प्रश्न आहे तो किती वेळा घेतो याचा. घड्याळ लावून दहा मिनिटं मोजा. एक-दोनदा गेला तर जाऊ दे. सारखी येरझार चालली असेल तर पाण्यात काहीतरी बिघडलंय. सकरची लांबच लांब तपकिरी विष्ठाही नेहमीचीच, उलट ती दिसली की मला बरं वाटतं: पोटात काहीतरी गेलंय. पांढरी, पोकळ, दोऱ्यासारखी असेल तर तेवढं लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जुन्या मालकाला फोन करा

चार प्रश्न. मासा त्यांच्याकडे किती दिवस होता? काय खायचा, आणि खरंच खाताना पाहिलाय का? पाणी शेवटचं कधी बदललं? फिल्टर किती वेळ बंद होता? शेवटच्या दोन उत्तरांवर निम्मं निदान होतं. ‘पाणी बदलायची कधी गरजच पडली नाही’ हे वाक्य लोक अभिमानाने सांगतात. मला ते ऐकून घाम फुटतो. का, ते पुढे येतं.

हा आहे तरी कोण?

देणारा सांगतो ते नाव धरून चालू नका. ‘सकर’, ‘टँक साफ करणारा’, ‘छोटा शार्क’ ही कामापुरती हाक मारायची नावं. एका नावाखाली बोटभर राहणारा मासाही येतो आणि हाताएवढा होणाराही, शेवाळ खाणाराही आणि शेजाऱ्याला गिळणाराही. ओळख चुकली की खाणं, सोबत, टँकचा आकार सगळंच चुकतं.

मी आधी तोंड आणि अंग बघतो. तोंड खाली, चोषकासारखं, आणि अंगावर खवल्यांऐवजी हाडाची खडबडीत चिलखती पट्टी असेल तर तो सकरांच्या कुळातला. आता तो पाठीवरचा पर उभारेल तेव्हा बाजूने फोटो काढा आणि काड्या मोजा. पुढचा जाड काटा सोडून मऊ काड्या सातच्या आसपास असतील तर हायपोस्टोमस किंवा ब्रिसलनोज. दहा किंवा जास्त असतील, पर शिडासारखा पसरत असेल, तर टेरिगोप्लिक्थिस. साधा सकर म्हणून हाच सगळ्यात जास्त विकला जातो. तो आणि मोठ्या जातीचा हायपोस्टोमस दोघेही 30 सेंटिमीटरच्या पुढे जातात, 40 सुद्धा गाठतात. ब्रिसलनोज 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो. त्याचं डोकं रुंद आणि चपटं. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर फांद्या फुटल्यासारखे मांसल केस, मादीला अगदी थोडे किंवा नाहीतच. माझ्याकडे ‘आजारी, वाढतच नाही’ म्हणून आलेला एक सकर चांगला धडधाकट, पूर्ण वाढलेला ब्रिसलनोज निघाला होता.

सकरांची काही नावं एल आणि एक आकडा अशी असतात. ‘डात्स’ या जर्मन मासिकाने 1988 मध्ये ही पद्धत सुरू केली, कारण शास्त्रीय नाव मिळण्याआधीच नवनवे मासे बाजारात यायला लागले होते. जुन्या मालकाला हा आकडा आठवत असेल तर सोनंच. एल 46, म्हणजे झेब्रा प्लेको (प्लेको म्हणजे सकरच), त्याला उबदार पाणी आणि मांसाहार लागतो; काकडीवर ठेवलात तर तो झुरत जातो. क्लाऊन प्लेकोला तर टँकमध्ये चघळायला लाकूड हवंच.

तोंड चोषकासारखं आहे पण अंग गुळगुळीत, खवल्यांचं, आणि मिशा नाहीत? मग तो कॅटफिशच नव्हे, चायनीज अल्गी ईटर असण्याची शक्यता मोठी. त्याच्या कल्ल्यावर पाणी आत घ्यायला वेगळं भोक असतं आणि कल्ला नेहमीच कमालीच्या वेगाने फडफडतो. ते पाहून लोक औषध ओततात. मोठा झाला की शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटायची सवयही याला लागते.

दोन बाजूंना दोन ओळीत हाडाच्या पट्ट्या, छोटे टपोरे डोळे, आखूड मिशा: कोरिडोरास. हा एकटा आणला असेल तर तेच त्याचं दुखणं. किमान सहा जण हवेत. 2024 मध्ये या गटाची शास्त्रीय मांडणी बदलली आणि अनेक ओळखीच्या जाती दुसऱ्या नावाखाली गेल्या. जुन्या आणि नव्या माहितीत नाव जुळलं नाही तर गडबडू नका, मासा तोच आहे.

खालच्या जबड्याच्या मिशांना पिसासारख्या फांद्या असतील तर सिनोडॉन्टिस. बाजूला करवतीसारखे काटे आणि बाहेर काढल्यावर कर्रकर्र आवाज असेल तर बहुधा राफेल.

आता छोटे मासे गायब होण्याकडे. चंदेरी अंगावर काळे ठिपके आणि अंगाएवढ्या लांब मिशा असलेला पिक्टस साधारण 12 सेंटिमीटरचा होतो, पण तोंडात मावेल ते रात्री खातो. तळाशी न बसता मध्येच सारखा येरझारा घालणारा, दचकला की काचेवर आपटणारा ‘शार्क’ हा पंगॅशियस. तो एक मीटरच्या पुढे जातो. काळं-पांढरं अंग आणि लाल शेपटीचा रेडटेलही तसाच. ‘टँकच्या आकाराप्रमाणे मासा वाढतो’ हे खरं नाही. खुरटतो, वाकतो, लवकर मरतो. हे दोघे निघाले तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, त्यांना मोठी जागा शोधा. नदी-तळ्यात सोडणं हा मार्ग नाही: टेरिगोप्लिक्थिस असेच सुटून फ्लोरिडा, मेक्सिको, बांगलादेशच्या पाण्यात माजलेत आणि अंडी घालायला काठ पोखरतात.

ऊब आणि हवा

थर्मामीटर लावा. बहुतेकांना 24 ते 27 अंश चालतं. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास नको, दुसऱ्याकडून आलेल्या हीटरवर तर मुळीच नको. प्लग काढून काच तडकली आहे का ते बघा. सकरला हीटरला चिकटून बसायची खोड असते आणि पोट भाजतं. जाळीची टोपी घातली की प्रश्न मिटला. आणि हवेचा दगड रात्रीही चालू राहू द्या. झाडं असलेल्या टँकमध्ये प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, आणि आपण तेव्हा झोपलेलो असतो.

तो खातो, पण तुम्ही देता ते आणि तेव्हा नाही

सकर समोरच्या काचेला चिकटला की पोट सरळ दिसतं. चोषकाच्या मागे पोट सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. तिथे बशीसारखा खळगा असेल तर हा मासा आठवड्यांपासून उपाशी आहे. डोळेही खोल गेले असतील तर दिवस थोडे आहेत. ‘तो शेवाळावर जगतो’ या समजुतीने जितके सकर मेलेत तितके रोगाने मेले नसतील. स्वच्छ काचांच्या टँकमध्ये त्याला खायला असतं काय?

दिवा गेल्यावर अर्ध्या तासाने खाणं टाका, आधी नाही. नाहीतर वरचे मासे संपवतात. शेवाळाची बुडणारी गोळी, किंवा काकडीची जाड चकती मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून, गार करून, चमच्याला अडकवून तळाशी. सकाळी उरलेलं काढायचं, कारण कुजलं की पाणी तेच बिघडवतं. कोरिडोरास आणि पिक्टसला काकडीचा उपयोग नाही, त्यांना बुडणाऱ्या मांसाहारी गोळ्या किंवा गोठवलेल्या अळ्या. नव्या जागी आलेला धडधाकट मासा चार-पाच दिवस तोंड लावत नाही, त्याला लपायला पाइप किंवा उपडी कुंडी द्या आणि सोडून द्या. खळगा पडलेल्याची मात्र वाट बघू नका, पहिल्या रात्रीपासून दोन-तीन प्रकार ठेवा.

सकर इतर माशांची कातडी चाटताना दिसला तर आधी भूकच समजा.

पाणी: इथेच बहुतेकांचं बिनसतं

टेस्ट किट लागेल. माशांच्या घाणीतून होणारे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते (आकडा कमी तितकं आम्ल). पहिले दोन शून्यच हवेत, नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत, जमल्यास 20. मी मासा आणतो तेव्हा जुन्या टँकचं पाणी एका बाटलीत वेगळं आणतो आणि दोन्ही पाणी शेजारी ठेवून मोजतो.

मागे एक सकर आणला, सहा वर्षं एकाच टँकमध्ये होता आणि पाणी फक्त वरून भरलं जायचं. बाटलीतल्या पाण्याचा पीएच किटच्या सर्वांत खालच्या रंगाला, नायट्रेट सर्वांत वरच्या. माझ्या पाण्याचा पीएच 7.8. जुन्या पाण्यात घाण साठत जाते, पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद संपते, पीएच उतरतो, आणि अमोनिया खाणारे जिवाणू मंदावतात. मासा मात्र हळूहळू त्याला सरावतो. त्या आम्ल पाण्यात अमोनिया असतो तो अमोनियमच्या रूपात, फारसा बाधत नाही. मग आपण प्रेमाने निम्मं ताजं पाणी ओततो. पीएच एक अंक चढला की विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. मासा रात्रीत जातो, आणि आपण म्हणतो ‘पाणी बदललं म्हणून मेला’. तसं पाहिलं तर खरंच.

म्हणून जुन्या टँकसकट मासा आला असेल तर रोज दहा टक्केच पाणी बदला, आठवडा-दीड आठवडा. नुसता मासा येत असेल तर जुनं पाणी एक-दोन बादल्या सोबत आणा, त्यात हवा सोडून ठेवा आणि तीन-चार दिवसांत थोडं थोडं आपलं पाणी मिसळत न्या. दोन पाण्यांत फरक किरकोळ असेल तर तास-दीड तास थेंब थेंब मिसळलं तरी भागतं.

पीएच जागच्या जागी आहे आणि तरी अमोनिया किंवा नायट्राइट दिसतो? मग रोज पाव टँक पाणी बदला, तेवढ्याच उबेचं, अँटीक्लोरीन घालून. क्लोरामाइन (नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक) असलेलं पाणी रात्रभर नुसतं ठेवून साफ होत नाही.

असा अमोनिया आला कुठून, तर बहुतेक वेळा फिल्टरमधून. टँक देणाऱ्याने सगळं ‘नीट धुऊन’ दिलेलं असतं: खडी धुतली, स्पंज नळाखाली पिळला. दिसायला टँक जुना, आतून कोरा. उपयोगी जिवाणू स्पंजमध्ये आणि खडीवर राहतात. वाटेत तो स्पंज टँकच्याच पाण्यात, उघड्या बादलीत भिजत ठेवायचा. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तास तसाच राहिला तर आतले जिवाणू गुदमरतात. एकदा गेले की परत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चालू टँकमधला एखादा जुना स्पंज मिळाला तर तो आत टाका, दिवस वाचतात.

कोरिडोरासच्या मिशा झिजल्या असतील तर तळ बघा. दोष बहुतेक वेळा धारदार खडीला देतात, पण तिच्यात रुतलेली घाण जास्त वाईट. बारीक वाळू घाला, स्वच्छ ठेवा. मुळापासून गेल्या नसतील तर मिशा परत वाढतात.

औषध, आणि तेही वेगळ्या टबात

वरचं सगळं नीट असूनही मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इक, एका परजीवीचा रोग. पाणी दिवसाला एक-दोन अंशांनी चढवत 29-30 पर्यंत न्या, सोबत हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. उबेने परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि अंग सोडून पाण्यात उतरलेल्या टप्प्यातच तो मरतो. म्हणूनच अंगावरचे ठिपके गेले की लगेच थांबायचं नाही. तांबं, फॉर्मॅलिन, मॅलाकाइट ग्रीन, मीठ हे बिनखवल्यांच्या माशांना लवकर बाधतं. लेबलवर कॅटफिशचं प्रमाण वेगळं दिलं असेल तर तेच घ्या, नसेल तर अंदाजाने ओतू नका. फिल्टरमधला कार्बन काढा, तो औषध शोषतो. दोन औषधं एकत्र कधीच नाहीत.

नवा मासा चार आठवडे वेगळा ठेवायला हवा, हे मी इथे सांगतोय खरं, पण पहिल्या तिघांच्या वेळी मीही ठेवला नव्हता.

इथे थांबा

पाणी ठीक असून दोन दिवसांत श्वास सुधारत नाही. अंगावर खोल जखम किंवा लाल व्रण आहे. पोट फुगून अंगावरच्या पट्ट्या सुट्या दिसतात. मासा उलटा तरंगतो. पांढऱ्या पोकळ विष्ठेसोबत खाऊनही पोट आतच जातंय. रेडटेलसारख्याने दगड किंवा हीटरची रबरी चकती गिळलीये. यातलं काहीही असेल तर घरचे उपाय बंद करा आणि माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला गाठा. टँकच्या जोडातून पाणी पाझरत असेल किंवा पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या, तर आधी सगळे प्लग काढा आणि जाणकाराला बोलवा.

काटा तुमच्याच हातात घुसला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून धरा, वेदना उतरते. सूज चढत गेली, तुकडा आत राहिला किंवा जखम आठवडे भरत नसेल तर डॉक्टरकडे जा आणि टँकचं काम करता हे आवर्जून सांगा. टँकच्या पाण्यातले काही जिवाणू अशा जखमेत ठाण मांडतात.

पशुवैद्याकडे नेताना मासा जाळीने पकडू नका. पाठीचा आणि छातीचा काटा ताठ होऊन जाळीत अडकतो, ओढला की मोडतो. अडकलाच तर जाळी कापा, मासा नाही. रुंद डबा पाण्याखाली धरून त्यात हाकला. सोबत टँकच्या पाण्याची बाटली, मोजलेले आकडे तारखांसह, मासा पाण्यात असतानाचा बाजूने आणि पोटाचा फोटो, आणि आतापर्यंत ओतलेल्या औषधांची यादी. सांगायला लाज वाटते त्या बाटलीसकट.